फेर्डिनांट फ्रीडरिख रॉइस

फेर्डिनांट फ्रीडरिख रॉइस (जन्म : १८ फेब्रुवारी १७७८, ट्युबिंगेन, मृत्यू : १८५२, श्टुटगार्ट) हे जर्मन वंशाचे रसायनशास्त्रज्ञ व वैद्य होते. त्यांची बहुतेक कारकीर्द रशियातील मॉस्को विद्यापीठात गेली. तेथे ते फ्योदर फ्योदोरोविच रेइस या रशियन वळणाच्या नावाने ओळखले जात. ओल्या चिकणमातीतून वीजप्रवाह सोडला असता मातीतील पाणी ऋणाग्राकडे सरकते आणि मातीचे सूक्ष्म कण धनाग्राकडे जातात, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. यांपैकी पहिली घटना विद्युत् तर्षण किंवा इलेक्ट्रो-ऑस्मॉसिस आणि दुसरी विद्युत् कणसंचलन किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या नावाने आज ओळखली जाते. चिखल, गाळ, पीट, लगदा अशा पाणी न सोडणाऱ्या पदार्थांतून विजेच्या साहाय्याने, आणि पुढे विजेला कंपनांची जोड देऊन, पाणी काढण्याच्या सर्व पद्धतींचे मूळ या प्रयोगांत आहे.

शिक्षण व मॉस्कोतील नेमणूक

रॉइस यांचा जन्म व्यूर्टेम्बेर्गमधील ट्युबिंगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. त्यांचे वडील तेथील विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक होते. रॉइस यांनीही वैद्यकाचेच शिक्षण घेतले. त्या काळी रसायनशास्त्र हे वैद्यक व औषधनिर्मिती यांच्या आश्रयाने शिकविले जाई, त्यामुळे वैद्यकाचा पदवीधर रसायनशास्त्राचा अध्यापक होणे यात वावगे काही नव्हते. ट्युबिंगेननंतर ते गोटिंगेनला गेले. गोटिंगेनचे विद्यापीठ त्या वेळी जर्मनीतील अग्रगण्य विद्यापीठांपैकी एक होते आणि तेथील ग्रंथालयाची मांडणी व सूची संपूर्ण यूरोपात नावाजलेली होती. या दुसऱ्या गोष्टीचा रॉइस यांच्या पुढील आयुष्याशी, प्रथमदर्शनी वाटते त्याहून अधिक संबंध आहे.

झार पहिला अलेक्झांडर १८०१ मध्ये गादीवर आल्यानंतर रशियातील उच्च शिक्षणाची पुनर्रचना सुरू झाली. १७५५ मध्ये स्थापन झालेल्या मॉस्को विद्यापीठाला १८०४ मध्ये नवी सनद मिळाली. विद्यापीठाचे पालक मिखाईल मुराव्योव्ह यांनी गोटिंगेनमधील परिचितांमार्फत जर्मन विद्वानांना मॉस्कोला येण्याचे निमंत्रण दिले. या निमित्ताने आलेल्या मंडळींत रॉइस होते. वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८३२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दशके, त्या पदावर राहिले. मॉस्कोच्या वैद्यक व शस्त्रक्रिया अकादमीतही त्यांनी अध्यापन केले. सेंट पीटर्झबर्गच्या विज्ञान अकादमीने त्यांना पत्रव्यवहारी सदस्यत्व दिले होते.

१८०५ मध्ये गोटहेल्फ फिशर फोन वाल्डहाइम यांनी मॉस्कोत निसर्ग-अभ्यासकांची संस्था स्थापन केली. रशियातील सर्वांत जुन्या विज्ञानसंस्थांपैकी ही एक होय. संस्थेची कार्यवृत्ते फ्रेंच भाषेत निघत. रॉइस यांचा महत्त्वाचा निबंध याच कार्यवृत्तांत प्रसिद्ध झाला.

ओल्या मातीचा प्रयोग

१८०० मध्ये आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी विद्युत् चितीचा शोध जाहीर केला. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेल्या पुठ्ठ्याचे किंवा कापडाचे तुकडे ठेवले की सतत वीज मिळते, हे कळल्यावर यूरोपातील प्रत्येक प्रयोगशाळेत अशा चिती उभ्या राहिल्या. त्याच वर्षी निकल्सन व कार्लाइल यांनी पाण्याचे विघटन केले. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या क्षारांपासून पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. त्या काळातील बहुतेकांचे लक्ष वीज पदार्थाचे विघटन कसे करते याकडे होते.

रॉइस यांनीही आरंभ जलविघटनापासूनच केला. त्यांच्या एका प्रयोगात इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचनळी वापरली होती. नळीच्या बाकदार भागात गारेची बारीक पूड भरून दोन्ही बाहूंत पाणी घातले आणि प्रत्येक बाहूत एक विद्युत् अग्र बुडविले. प्रवाह सुरू झाल्यावर दोन्ही अग्रांशी अपेक्षेप्रमाणे वायूचे बुडबुडे आले. त्याबरोबर एक अनपेक्षित गोष्ट घडली. धनाग्राकडील बाहूत पाण्याची पातळी खाली गेली आणि ऋणाग्राकडील बाहूत ती चढली. पाणी पुडीच्या थरातून, स्वतःच्या वजनाविरुद्ध, एका बाजूने दुसऱ्या बाजूस ओढले जात होते. प्रवाह थांबविला की पातळ्या पुन्हा समान होऊ लागत. पूड नसलेल्या नळीत असे काहीच घडत नसे.

दुसऱ्या प्रयोगाची मांडणी आणखी साधी होती. ओल्या चिकणमातीच्या गोळ्यात दोन काचनळ्या उभ्या रोवल्या, त्यांच्या तळाशी धुतलेल्या वाळूचा थर दिला, वर पाणी भरले आणि दोन्ही नळ्यांत अग्रे सोडली. काही काळाने धनाग्र असलेल्या नळीतील पाणी गढूळ झाले. मातीचे कण वाळूच्या थरातून वर येत होते. त्याच वेळी त्या नळीतील पाणी घटत होते. ऋणाग्राच्या नळीतील पाणी मात्र स्वच्छच राहिले आणि वाढत गेले. माती एका दिशेला आणि पाणी उलट दिशेला, अशी दोन्ही हालचाल एकाच भांड्यात दिसत होती. हा प्रयोग आजही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतो. त्यासाठी काचनळ्या, वाळू, चिकणमाती आणि काही विद्युत् घट यांपलीकडे काही लागत नाही.

गॅल्व्हानी विजेच्या एका नव्या परिणामाविषयीचा हा निबंध १८०९ मध्ये छापून आला. प्रयोग त्याआधीचे, १८०७ च्या सुमाराचे आहेत. या शोधाचे साल निरनिराळ्या ग्रंथांत १८०७, १८०८ व १८०९ असे वेगवेगळे दिलेले आढळते, त्याचे कारण प्रयोग आणि छपाई यांमधील हे अंतर आहे.

निबंधाची तत्काळ दखल घेतली गेली नाही. मॉस्कोतील एका नव्या संस्थेचे कार्यवृत्त लंडन किंवा पॅरिसच्या प्रयोगशाळांत नियमित वाचले जात नव्हते. शिवाय डेव्ही यांच्या चमकदार धातूंपुढे चिखलातील पाणी सरकल्याची वार्ता फिकी वाटली असल्यास नवल नाही. १८१६ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट पोरेट यांनी जनावराच्या मूत्राशयाच्या पडद्यातून विजेने पाणी पलीकडे जाते हे स्वतंत्रपणे दाखविले आणि काही काळ ही घटना त्यांच्याच नावाने ओळखली जात होती.

घटनेचा अर्थ

रॉइस यांना परिणाम दिसला, परंतु त्याचे कारण सांगण्यास लागणारी साधने त्यांच्या काळात नव्हती. आयन, कलिल, पृष्ठभार या संकल्पना नंतरच्या आहेत. आजचे स्पष्टीकरण थोडक्यात असे आहे. चिकणमातीच्या किंवा गारेच्या कणाचा पृष्ठभाग पाण्यात ऋण विद्युत् भारित होतो. त्याला तोलण्यासाठी पाण्यातील धन आयन कणाभोवती दाटी करतात. पृष्ठभागाचा ऋण भार आणि त्यालगतच्या पाण्यातील धन आयनांची गर्दी मिळून विद्युत् द्विस्तर तयार होतो. बाहेरून विद्युत् क्षेत्र लावले की हे धन आयन ऋणाग्राकडे निघतात आणि भोवतालच्या पाण्याला बरोबर ओढून नेतात. कण जागच्या जागी अडकलेले असतील तर फक्त पाणी वाहते. कण मोकळे असतील तर ते स्वतः उलट, म्हणजे धनाग्राच्या दिशेने जातात. रॉइस यांच्या दोन प्रयोगांत एकाच घटनेच्या या दोन बाजू दिसल्या होत्या.

यातील व्यावहारिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दाबाने किंवा गुरुत्वाने पाणी काढायचे तर छिद्रे जितकी बारीक तितके काम अवघड होते. छिद्राचा व्यास दहा पटींनी कमी झाला की पाणी वाहण्याची क्षमता सुमारे शंभर पटींनी घटते. विद्युत् तर्षणात पाण्याचा सरासरी वेग छिद्राच्या आकारावर जवळजवळ अवलंबून नसतो. प्रत्येक सेंटिमीटरला एक व्होल्ट इतके क्षेत्र असताना बहुतेक मातींत हा वेग दर सेकंदाला सुमारे ०.००००५ सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे चार सेंटिमीटर असतो. वाळूत हा वेग नगण्य ठरतो, कारण तेथे पाणी आपोआपच त्याहून कितीतरी वेगाने निथळते. मात्र घट्ट चिकणमातीत, जेथे एकक उतारावर पाणी दिवसाला मिलिमीटरचा दहावा हिस्साही सरकत नाही, तेथे हाच वेग फार मोठा ठरतो.

महाराष्ट्रातील वाचकाला याचा अनुभव काळ्या मातीवरून येऊ शकेल. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसराप्रमाणे दख्खनच्या पठारावर जी काळी कसदार जमीन आहे, तिच्यात माँटमोरिलोनाइट या वर्गातील चिकणखनिजे असतात. त्यांच्या पापुद्र्यांवर मोठा ऋण भार असतो आणि त्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून माती फुगते. पावसाळ्यात नांगराच्या फाळाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी माती ती हीच. तिच्यात पाणी धरून ठेवणारा विद्युत् भार आणि रॉइस यांच्या नळीत पाणी हलविणारा विद्युत् भार एकाच प्रकारचा आहे. अशा मातीचे स्थापत्यविषयक गुणधर्म तपासण्याचे काम नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत होते. मेरी या संक्षिप्त नावाने परिचित असलेली ही संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली. नाशिकजवळचे गंगापूर धरण मातीचे आहे. अशा धरणांच्या बाबतीत मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब हा अभियंत्यांच्या नित्य चिंतेचा विषय असतो.

सिंकोना

रॉइस यांचे वैद्यकीय रसायनशास्त्रातील कामही उल्लेखनीय आहे. हिवतापावर वापरल्या जाणाऱ्या सिंकोना सालीचे त्यांनी विश्लेषण केले. सालीतील न विरघळणाऱ्या तांबड्या रंगद्रव्याला फ्रेंच रसायनशास्त्रीय वाङ्मयात रॉइस यांच्या नावाची जोड मिळाली. १८२० मध्ये पेल्त्ये व काव्हांतू यांनी त्याच सालीतून क्विनीन वेगळे केले आणि या क्षेत्रातील आधीची सर्व कामे मागे पडली.

आग आणि ग्रंथालय

सप्टेंबर १८१२ मध्ये नेपोलियनचे सैन्य मॉस्कोत शिरले आणि शहराला आग लागली. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीबरोबर संग्रहालय, उपकरणे आणि ग्रंथालय यांची राखरांगोळी झाली. ग्रंथालयातील थोडीच पुस्तके वाचली. पुढील वर्षी अध्यापन पुन्हा सुरू झाले, पण पुस्तकांचा संग्रह नव्याने, बराचसा देणग्यांवर, उभा करावा लागला. देणग्यांतून आलेली पुस्तके हा ग्रंथपालापुढचा सर्वांत कठीण प्रश्न असतो. ती येतात भरपूर, परंतु कोणत्याही क्रमाने येत नाहीत.

१८२२ मध्ये या ग्रंथालयाची जबाबदारी रॉइस यांच्याकडे आली आणि १८३२ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. त्यांनी संग्रहाची विषयवार मांडणी ठरविली, सूची तयार करविल्या आणि १८२६ मध्ये ग्रंथालयाच्या रचनेविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ज्ञानाच्या शाखांचे विभाग पाडून त्यानुसार पुस्तके लावण्याची त्यांची पद्धत पुढेही दीर्घकाळ विद्यापीठात चालू राहिली. रशियातील ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात रॉइस यांचे नाव येते ते यामुळे. तेथे त्यांचा विजेशी काही संबंध होता याची आठवण क्वचितच काढली जाते. रसायनशास्त्राच्या इतिहासात ग्रंथालयाचा उल्लेख नसतो, तसेच हे.

हर्झेन यांनी रंगविलेले चित्र

रॉइस यांची जी प्रतिमा सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचली, ती मात्र अनुकूल नाही. रशियन विचारवंत व लेखक अलेक्झांडर हर्झेन हे १८२९ ते १८३३ या काळात मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकी व गणित विभागात शिकत होते. त्यांच्या प्रख्यात आत्मचरित्रात जुन्या प्राध्यापकांची थट्टा करणारा भाग आहे आणि त्यात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रॉइस येतात. हर्झेन यांच्या सांगण्याप्रमाणे रॉइस यांचे व्याख्यान हायड्रोजनच्या पलीकडे कधी गेलेच नाही. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, कारण त्यांचे काका कधीकाळी त्या विषयाचा अभ्यास करीत होते. सम्राज्ञी कॅथरीनच्या राजवटीच्या अखेरीस बोलावणे काकांना आले आणि जाण्याची इच्छा नसल्याने त्यांनी पुतण्याला धाडून दिले.

ही कथा तपासून पाहण्यासारखी आहे. कॅथरीनचा मृत्यू १७९६ मध्ये झाला. त्या वेळी रॉइस अठरा वर्षांचे होते आणि ते मॉस्कोला पोहोचले ते अलेक्झांडरच्या कारकीर्दीत, मुराव्योव्ह यांच्या योजनेनुसार. तेव्हा काकांची गोष्ट विद्यार्थ्यांत पसरलेली वदंता असावी असे समजणे योग्य होईल. व्याख्यानांविषयीची तक्रार वेगळी आहे. हर्झेन विद्यार्थी असताना रॉइस पन्नाशीत होते, त्यांच्यावर ग्रंथालयाचा भार होता, आणि १८०४ च्या सुमारास शिकलेले रसायनशास्त्र १८३० पर्यंत बरेच जुने झाले होते. डाल्टनचा अणुसिद्धांत, बर्झेलियस यांची चिन्हपद्धती आणि अणुभार हे सर्व याच मधल्या काळातील. तरुण विद्यार्थ्यांना त्यांचे अध्यापन कंटाळवाणे वाटले असेल तर ते खोटे ठरविण्याचे कारण नाही. मात्र हर्झेन यांच्या लेखणीच्या धारेमुळे तीस वर्षांच्या कामातील शेवटची वर्षे तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. ज्यांनी या प्राध्यापकाची खिल्ली उडविली त्यांना त्यांच्या प्रयोगाचे महत्त्व ठाऊक असण्याचा संभवही नव्हता, कारण ते तोपर्यंत यूरोपातील कोणालाच पुरते ठाऊक झाले नव्हते.

विद्यापीठातून निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी रॉइस जर्मनीस परतले. १८५२ मध्ये श्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी लंडनला आलेल्या हर्झेन यांनी आपले आत्मचरित्र लिहावयास घेतले.

पुढील संशोधन

१८५२ मध्येच गुस्टाफ व्हीडमान यांनी विद्युत् तर्षणाची पहिली पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली. सरकणाऱ्या पाण्याचे प्रमाण प्रवाहाच्या प्रमाणात असते, हे त्यांनी दाखविले. गेओर्ग क्विंके यांनी उलट परिणाम शोधला. सच्छिद्र पडद्यातून पाणी दाबाने ढकलले की त्याच्या दोन बाजूंमध्ये विद्युत् दाब उत्पन्न होतो. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८७९ मध्ये विद्युत् द्विस्तराच्या आधारे गणिती मांडणी केली आणि १९०३ मध्ये मारियान स्मोलुचोव्स्की यांनी ती कोणत्याही आकाराच्या छिद्रांना लागू होते असे सिद्ध केले. भारतात कलकत्त्याचे ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनी कलिले आणि मातीचे कण यांच्या विद्युत् गुणधर्मांवर महत्त्वाचे काम केले. रॉइस यांच्या दुसऱ्या निरीक्षणातून, म्हणजे कणांच्या संचलनातून, प्रथिने वेगळी करण्याचे तंत्र निघाले. त्यासाठी स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज रक्तचाचण्यांत आणि जनुकीय प्रयोगशाळांत हे तंत्र रोज वापरले जाते.

उद्योगात प्रवेश मात्र पाणी काढण्याच्या निमित्ताने झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत काउंट बोटो श्व्हेरीन यांनी पीट व चिकणमाती यांतील पाणी विजेने काढण्याच्या पद्धतींची पेटंटे घेतली. १९३० नंतर लिओ कासाग्रांडे यांनी ही कल्पना स्थापत्य अभियांत्रिकीत आणली. १९३९ मध्ये झाल्ट्झगिटर येथील रेल्वेमार्गाच्या खोदाईत बाजूची ओली माती घसरत होती. तेथे जमिनीत अग्रे रोवून प्रवाह सोडल्यावर उतार स्थिर झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे पाणबुड्यांच्या तळाच्या पायाखोदाईतही ही पद्धत वापरण्यात आली.

वीज आणि कंपने

केवळ विद्युत् क्षेत्र लावून पाणी काढण्यास मर्यादा आहेत. पाणी ऋणाग्राकडे जात असल्याने धनाग्रालगतचा थर लवकर सुकतो, त्याला भेगा पडतात, अग्राशी असलेला संपर्क तुटतो आणि रोध वाढून वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दोन्ही अग्रांशी वायू निर्माण होतात. धनाग्राशी आम्ल व ऋणाग्राशी अल्क तयार होते आणि लोखंडी धनाग्र गंजून झिजते. पाण्यात क्षार जास्त असतील तर प्रवाह वाढतो, परंतु त्या मानाने पाणी फारसे सरकत नाही.

यावर उपाय म्हणून विद्युत् क्षेत्राबरोबर यांत्रिक कंपने किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरी देण्याची पद्धत पुढे आली. अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस येथील बॅटेल संस्थेत १९८० च्या दशकात या जोडपद्धतीवर बरेच काम झाले. कंपनांमुळे कण पुन्हा पुन्हा थोडे हलून अधिक दाट बसतात, भेगा बुजतात, अग्रांशी चिकटलेले बुडबुडे सुटतात आणि कणांच्या बेचक्यांत अडकलेले पाणी मुख्य केशिकांत येते. त्यामुळे द्रवाचा सलग धागा तुटत नाही आणि विद्युत् क्षेत्राला पाणी ओढत राहता येते. दोन्हींपैकी कोणतीही एकच क्रिया केली असता जेवढे पाणी निघते, त्याहून दोन्ही एकत्र केल्यास अधिक निघते.

या पद्धतीचे आकर्षण ऊर्जेच्या हिशेबात आहे. उकळत्या पाण्याच्या एका किलोग्रॅमची वाफ करण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ ०.६३ युनिट वीज लागते. विद्युत् तर्षणात पाणी द्रवरूपातच बाहेर येते, त्यामुळे ही अप्रकट उष्णता खर्च करावी लागत नाही. पदार्थ फार कोरडा करावयाचा असेल तर शेवटच्या टप्प्यात मात्र हा फायदा नाहीसा होतो आणि उष्णतेने वाळविणेच परवडते.

शहरांतील सांडपाण्याच्या शुद्धीकरणानंतर उरणारा गाळ हे या तंत्राचे सर्वांत मोठे संभाव्य क्षेत्र मानले जाते. नाशिकमध्ये गोदावरीच्या खोऱ्यात तपोवन, आगरटाकळी इत्यादी ठिकाणी अशी शुद्धीकरण केंद्रे आहेत. शुद्धीकरणातून निघणारा जैविक गाळ दिसण्यास घट्ट असला तरी त्यात बहुतांश पाणीच असते. वाळवणाचे वाफे, अपकेंद्री यंत्रे किंवा दाबयंत्रे यांच्या साहाय्याने पाणी काढल्यावरही अशा गाळाच्या वजनाचा तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग पाण्याचाच राहतो आणि वाहतुकीचा खर्च मुख्यतः त्या पाण्यावर होतो. गाळातील सूक्ष्मजीवांचे पुंजकेही चिकणमातीच्या कणांप्रमाणे ऋण भारित असतात. त्यामुळे त्यांच्यातील पाणीही, रॉइस यांच्या नळीतल्याप्रमाणे, ऋणाग्राच्या बाजूनेच बाहेर पडते.